हृदयाचा डॉक्टर शोधताना : कार्ड कुठे चालते, कसे विचारावे?

छातीत दुखते, जिना चढताना दम लागतो, पायावर सूज येते. दवाखान्यात ईसीजी निघतो आणि डॉक्टर सांगतात, "एकदा हृदयाच्या डॉक्टरला दाखवून घ्या." त्यानंतर घरात जो प्रश्न उठतो, तो आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या वस्त्यांमधून फिरताना सारखा ऐकतो : "आपले कार्ड चालवणारा हृदयाचा डॉक्टर कुठे भेटेल?"

या प्रश्नातच एक गाठ आहे, ती आधी सोडवू या. सरकारी आरोग्य योजना डॉक्टरशी जोडलेली नसते, रुग्णालयाशी जोडलेली असते. आणि रुग्णालय योजनेत आहे म्हणजे तिथे सगळ्याच आजारांवर कार्ड चालेल असेही नाही. एखादे रुग्णालय हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असते, हृदयासाठी नसते. एकच डॉक्टर सकाळी स्वतःच्या क्लिनिकमध्ये बसतो, तिथे फी भरावी लागते. तोच डॉक्टर दुपारी योजनेतल्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी करतो, तिथे कार्ड चालते. "डॉक्टर साहेब कार्ड घेतात का?" असे विचारले तर उत्तर "हो"ही मिळेल आणि "नाही"ही मिळेल. दोन्ही उत्तरे खरी असतील आणि दोन्हींचा उपयोग नसेल.

म्हणून प्रश्न असा विचारायचा : "या रुग्णालयात, या उपचारासाठी, आज माझे कार्ड चालते का?" रुग्णालय, उपचार आणि आज, हे तीन शब्द लक्षात ठेवा. पुढचे सगळे याच तीन शब्दांचा उलगडा आहे.

आपल्या घरात कोणता आधार आहे?

पहिला आणि सर्वांत मोठा आधार म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली, तेव्हा गोंदियाला मिळाली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २०२० पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना आणि ही योजना राज्यात एकत्र चालतात. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होते, ते आता पाच लाख झाले आहे. पूर्वी पिवळे, केशरी असा रेशनकार्डाचा रंग पाहिला जात असे. २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डाची कुटुंबेही योजनेत आली. म्हणजे आपल्या वस्तीतले जवळपास प्रत्येक घर यात बसते.

पाच लाख हे पूर्ण कुटुंबासाठी वर्षाचे आहेत, माणशी नाहीत, हे ध्यानात असू द्या. घरात सत्तर वर्षांवरील आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठी केंद्राचे आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून निघते. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि ते आधारवर निघते.

दुसरा आधार कामगार राज्य विमा, म्हणजे ईएसआय. धान मिल, कारखाना, दुकान, सुरक्षा एजन्सी अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी पगाराची चिठ्ठी पाहावी. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि मालकाची नोंदणी असेल, तर पगारातून पाऊण टक्का कपात होते. कपात होत असेल तर तुमचे आणि तुमच्या कुटुंबाचे उपचार हा तुमचा हक्क आहे. या कायद्याशी आपले जुने नाते आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम दिले गेले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि १९४८ साली कायदा झाला. तरीही कपात होत असून कार्ड काढलेले नाही, असे कामगार आपल्यात आहेत. ईएसआयमध्ये मोठ्या उपचारासाठी आधी त्यांच्या दवाखान्यातून किंवा रुग्णालयातून चिठ्ठी घ्यावी लागते. विदर्भातल्या कामगारांसाठी नागपूरला सोमवारीपेठेत त्यांचे रुग्णालय आहे.

रेल्वेत नोकरी असलेल्यांनी रेल्वेच्या आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन पुढे जावे. विडी कामगारांना कामगार कल्याण खात्याच्या दवाखान्याचा आधार आहे, त्यांनी आपले ओळखपत्र चालू ठेवावे.

काही घरांत आता खासगी कंपनीची पॉलिसीही असते. तिथे एजंटच्या तोंडी बोलण्यावर न जाता कंपनीला फोन करून विचारा : "हे रुग्णालय तुमच्या कॅशलेस यादीत आहे का? आधीपासूनच्या बीपी-शुगरसाठी थांबण्याची मुदत संपली का?" २०२४ च्या नियमांनुसार ही मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कॅशलेसचा अर्ज आल्यावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो. कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामकाचा तक्रार क्रमांक १५५२५५ आहे.

कागद आजच पाहा

रेशनकार्डावर सगळ्यांची नावे आहेत का? नवी सून, लहान बाळ, माहेरी परत आलेली लेक यांची नावे बहुतेक राहून जातात. रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का? एका ठिकाणी "रामटेके" आणि दुसऱ्या ठिकाणी स्पेलिंग वेगळे, एवढ्यानेही काम अडते. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का? तो नसेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात जावे लागते. आयुष्मान कार्ड आशाताई किंवा सेवा केंद्रातून निघते आणि ते मोफत आहे. ही कामे आजारी माणूस घरात असताना होत नाहीत, धावपळ होते. ती निरोगी दिवसांतच उरकावीत.

हृदयाचा डॉक्टर म्हणजे नेमका कोण?

पाटीवर "हृदयरोग, मधुमेह, दमा" असे लिहिलेले असते, पण सगळे हृदयरोगतज्ज्ञ नसतात. एमडी मेडिसिन म्हणजे फिजिशियन. बीपी, शुगर, साधी छातीदुखी हे डॉक्टर उत्तम पाहतात आणि पहिली भेट त्यांचीच घ्यावी. ज्यांच्या नावापुढे डीएम कार्डिओलॉजी किंवा कार्डिओलॉजीतली डीएनबी असते, ते हृदयरोगतज्ज्ञ. अँजिओग्राफी, स्टेंट, पेसमेकर हे काम त्यांचे. बायपास करणारे आणि झडप बदलणारे सर्जन वेगळे असतात, त्यांची पदवी एमसीएच असते. आपल्याला कोणाची गरज आहे हे चिठ्ठीवर लिहून घ्या. "हृदयाकडे दाखवा" एवढ्यावर घरी परतू नका. "कोणती तपासणी सांगता, कशाची शंका आहे?" असे नम्रपणे विचारा. विचारणे हा उद्धटपणा नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. सिकलसेल असलेल्या माणसाची छाती दुखली तर कारण फुप्फुसातले किंवा सिकलसेलचेही असू शकते. घरात सिकलसेलचे लाल किंवा पिवळे कार्ड असेल तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.

गोंदियात काय, नागपुरात काय?

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी, रक्ततपासणी आणि बीपी-शुगरची औषधे मिळतात. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय, म्हणजे आपले केटीएस, त्याला जोडलेले आहे. पहिले निदान इथेच करून घ्या. खासगीत इको आणि रक्ताच्या तपासण्यांवर हजारो रुपये गेले की पुढच्या प्रवासाला हातात काही उरत नाही.

बायपास, झडप, गुंतागुंतीची अँजिओप्लास्टी यासाठी मात्र आपल्या लोकांना बहुतेक वेळा नागपूरच गाठावे लागते. गोंदियाहून रेल्वेने हे अंतर साधारण १३० किलोमीटर आहे. देवरी आणि सडक अर्जुनीकडचे लोक महामार्गाने साकोली, भंडारा करत जातात. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे. तिथे हृदयरोग आणि हृदय शस्त्रक्रिया असे दोन्ही विभाग आहेत. मिहानमध्ये एम्स आहे. शिवाय योजनेत नोंदलेली खासगी आणि ट्रस्टची रुग्णालये आहेत. सरकारी ठिकाणी गर्दी असते, तारीख उशिरा मिळते. खासगीत तारीख लवकर मिळते, पण योजनेचे रुग्ण किती घ्यायचे यावर कधी कधी टाळाटाळ होते. दोन्ही ठिकाणी एकदम चौकशी करा, एकाच दारात थांबून राहू नका.

सालेकसा, आमगावकडच्या काही लोकांना रायपूर सोयीचे वाटते. पण राज्याच्या फुले योजनेचे संरक्षण महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत रुग्णालयांसाठी आहे. केंद्राच्या यादीतल्या आयुष्मान कुटुंबांना दुसऱ्या राज्यातही उपचार घेता येतो. आपण कोणत्या यादीत आहोत हे विचारल्याशिवाय छत्तीसगडची गाडी पकडू नका.

ठरलेल्या हृदय शस्त्रक्रियेसाठी जाताना रुग्ण आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे भाड्यात सवलत आहे. स्लीपरमध्ये ती ७५ टक्के मिळते. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर दाखवावा लागतो.

निघण्याआधी एक फोन

योजनेचा मोफत क्रमांक १५५३८८ आहे. १८००२३३२२०० हाही आहे. आयुष्मानसाठी १४५५५. वही-पेन घेऊन बसा आणि असे विचारा :

१. माझा रेशनकार्ड क्रमांक हा आहे. मी लाभार्थी म्हणून दिसतो का? यंदाची किती रक्कम शिल्लक आहे?

२. गोंदिया आणि नागपूर जिल्ह्यांत हृदयरोगासाठी, तसेच हृदय शस्त्रक्रियेसाठी आज कोणती रुग्णालये नोंदलेली आहेत?

३. डॉक्टरांनी लिहिलेला हा उपचार योजनेच्या यादीत आहे का? तो फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखीव आहे का?

४. त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राचा क्रमांक द्या.

आरोग्यमित्र हा या सगळ्यातला महत्त्वाचा माणूस. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचा टेबल असतो. निघण्यापूर्वी त्याला फोन करून बेड आहे का, डॉक्टर कोणत्या वारी बसतात, कोणते कागद लागतील हे विचारा. यादीत नाव असलेले रुग्णालय पुढच्या महिन्यात यादीत असेलच असे नाही. म्हणूनच "आज" हा शब्द महत्त्वाचा. शेजारच्या माणसाचे गेल्या वर्षी तिथे मोफत झाले, यावर विसंबू नका.

काय बसते, काय बसत नाही?

योजना मुख्यतः भरती होऊन केलेल्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. स्टेंट घालून केलेली अँजिओप्लास्टी, बायपास, झडप बदलणे, फुग्याने झडप मोकळी करणे, पेसमेकर, हृदयातले छिद्र बंद करणे हे उपचार त्यात येतात. नुसती ओपीडी, नुसता इको किंवा तपासणीपुरतीच केलेली अँजिओग्राफी यासाठी कार्ड चालेल असे गृहीत धरू नका. खरी फसगत इथेच होते. "आधी अँजिओग्राफीचे पैसे भरा, मग पुढचे योजनेत बघू" असे सांगितले जाते. अशा वेळी टेबलावर झोपण्याआधी आरोग्यमित्राला समोर बोलवा आणि विचारा : "ब्लॉक निघाला तर अँजिओप्लास्टी इथेच योजनेत होईल का? मग तपासणीचा खर्च त्या पॅकेजमध्ये धरला जाईल का?" उत्तर कागदावर मागा.

योजनेतल्या उपचाराला आधी ऑनलाइन मंजुरी लागते. मंजुरी मिळाल्यावर ऑपरेशन, औषधे, तपासण्या, बेड आणि रुग्णाचे जेवण पॅकेजमध्येच असते. "योजनेचा स्टेंट हलका, वरून पैसे द्या, चांगला टाकतो" या बोलण्याला बळी पडू नका. स्टेंटच्या किमतीवर केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्येच मर्यादा घातली. तेव्हा औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली होती. त्याआधी लाखाच्या पुढे बिल लागत असे.

झटका आला तर कार्ड शोधत बसू नका

वरचे सगळे ठरवून करायच्या उपचारासाठी आहे. झटक्यात वेळच औषध आहे. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटणे, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, दम, उलटी यांपैकी काही वाटले तर १०८ ला फोन करा. बायकांना आणि शुगरच्या रुग्णांना कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसता दम, घाम आणि गळाल्यासारखे वाटते. मग ते "गॅस झाला" म्हणून लिंबू-सोडा पीत रात्र काढतात. ती रात्र महागात पडते.

अशा वेळी नागपूर लांब आहे. आधी जवळच्या ज्या सरकारी रुग्णालयात ईसीजी निघतो तिथे पोचा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच उपयोगी पडते. जितके लवकर तितके हृदय वाचते. ॲस्पिरिनची गोळी १०८ च्या डॉक्टरांना विचारून चावून द्यावी. रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, चालवूही नका. योजनेत तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे आणि कागद मागाहून ठरावीक मुदतीत देता येतात. एक माणूस रुग्णासोबत जाईल, दुसरा घरी कार्ड शोधेल, अशी वाटणी करा.

मुलांचे हृदय

बाळ दूध पिताना थकते, ओठ-नखे निळी पडतात, वजन वाढत नाही, सारखा न्यूमोनिया होतो, ही लक्षणे अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या बाल आरोग्य पथकाला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि हृदय शस्त्रक्रिया मोफत होते. नवा रायपूरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. तिथे मुलांच्या हृदयाचे ऑपरेशन कोणतेही कार्ड न मागता मोफत केले जाते. गोंदियाहून ही एक मोठी सोय आहे. मोठ्या मुलांचा घसा सारखा दुखून नंतर सांधे सुजत असतील तर दुर्लक्ष करू नका. त्यातून हृदयाची झडप खराब होते. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिन सांगितले असेल तर एकही इंजेक्शन चुकवू नका.

पैसे मागितले तर

मंजुरी असताना पैसे मागितले तर भांडण करू नका, पावती मागा. पावती मागितली की बऱ्याचदा मागणीच बंद होते. तरी मागणी चालू राहिली तर त्याच जागेवरून १५५३८८ ला तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्यानंतर योजनेचे जिल्हा समन्वयक आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नियमाबाहेर घेतलेले पैसे परत मिळवता येतात, पण त्यासाठी कागद हवा.

उपचार योजनेत बसतच नसेल तर आणखी एक दार आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. वर्षाचे उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो.

घरी परतल्यावर

ऑपरेशन झाले म्हणजे आजार संपला असे नाही. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवाव्याच लागतात. "आता बरे वाटते" म्हणून रोवणीच्या दिवसांत गोळ्या बंद केल्या तर स्टेंट पुन्हा बंद होऊ शकतो. धातूची झडप बसवली असेल तर गोळी जन्मभर आणि रक्ताची आयएनआर तपासणी नियमित. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स काढून ठेवा. सुटी होताना मिळणारी औषधे मागून घ्या. काही उपचारांना पाठपुराव्याचे वेगळे पॅकेज आहे, त्याचीही आरोग्यमित्राकडे चौकशी करा. पुढची औषधे जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात, सरकारी ओपीडीतही मिळतात.

एकट्या घराला हे सगळे जड जाते, वस्तीला जड नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास बसा. प्रत्येकाने आपले रेशनकार्ड आणि आधार आणावे. दहावी-बारावीच्या मुलींनी एका वहीत नोंद करावी : कुणाच्या घरी कार्ड नाही, कुणाचे नाव सुटले, कुणाला बीपी-शुगर आहे, रात्री कुणाची गाडी मिळेल. विहाराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत तीन क्रमांक लिहा : १०८, १५५३८८, १४५५५. त्यांच्याखाली तो प्रश्नही लिहा : "या रुग्णालयात, या उपचारासाठी, आज माझे कार्ड चालते का?"